रोखलेला जोर

आमच्या मंडळात माणसं सामना बघायला येत नाहीत, भांडायला येतात. सामना हे निमित्त.

व्यावसायिक कबड्डीच्या अंतिम सामन्याची शेवटची चढाई उरली होती तेव्हा इचलकरंजीच्या नवजीवन क्रीडा मंडळाचा हॉल खच्चून भरलेला होता, आणि जितकी डोकी तितकी मतं. पडद्यावर आमचा पंचगंगा संघ दोन गुणांनी पुढे होता. डाव्या कोपऱ्यात माझा मुलगा विराज उभा होता. आता नर्मदा संघाचा चढाईपटू येणार, आणि त्याच्यावर सामना मिटणार.

"कुणी हात लावायचा न्हाई आता!" बंडा आवटी खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. बंडाचे यंत्रमाग आहेत आणि मागांपेक्षा त्याचं तोंड जास्त चालतं. "बोनस दे आन् घरला लाव तेला. एका गुणानं जिंकू, पर जिंकू!"

"ह्यो घाबरट डाव झाला," मागून कुणीतरी म्हणालं. "पकड करून खेळ खलास करा की."

"पकड सुटली मग? तुझ्या खिशातनं जाणार हाय व्हय? मी लावलंय पंचगंगेवर!"

"बंडा, खाली बस. आमाला दिसंना."

"तुला दिसून तरी काय कळणार हाय?"

सरकारनं कबड्डीवरचा सट्टा कायदेशीर केल्यापासून हे असं झालं होतं. पूर्वी लोक संघावर पैसे लावायचे. मग एकेका चढाईवर लावू लागले. आता तर बसल्या जागी फोनवर एकेका खेळाडूच्या जोरावर लावत होते. हा जोर म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आमच्या घरादाराची वाट त्यानंच लावली.

आपण हात उचलायचं मनात आणलं की मेंदूकडून स्नायूला विजेचा बारीक संदेश जातो. हात हलण्याआधी तो तिथं पोचलेला असतो. खेळाडूंच्या पोटऱ्या, मांड्या, दंड आणि पाठ यांवर कातडीला चिकटणाऱ्या पातळ पट्ट्या लावतात, त्या हा संदेश टिपतात. माणूस मनापासून झेपावला तर पुढे ढकलणारे स्नायू ठरावीक क्रमानं ताणले जातात. पकड मुद्दाम सोडायची असेल तर तेही ताणले जातात, पण त्याच वेळी त्यांच्या उलट बाजूचे, शरीराला ब्रेक लावणारे स्नायूही आवळतात. डोळ्याला दोन्ही झेपा सारख्याच दिसतात. पट्टीला फरक कळतो. या ब्रेक लावण्याला नाव दिलंय 'रोखलेला जोर'. तो दिसला की पडद्यावर लाल दिवा लागतो, समोरच्या संघाला एक गुण मिळतो आणि खेळाडू निलंबित होतो. सट्टा उघड झाला तर सामने विकले जातील ही सगळ्यांनाच धास्ती होती, आणि त्यावर हा जालीम उपाय सापडला.

यंत्राला लांबलचक इंग्रजी नाव आहे. आमच्याकडे त्याला काटा म्हणतात. ज्या भागात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आजवर कुणी विश्वास ठेवला नाही, त्या भागानं या काट्यावर डोळे मिटून ठेवला.

पट्टी छातीला मात्र नाही. श्वास आणि हृदयाचे ठोके ही वैद्यकीय माहिती, ती सट्टेवाल्यांच्या हाती द्यायची नाही, म्हणून खेळाडूंच्या संघटनेनंच हरकत घेतली होती. त्या वेळी मीही म्हटलं, बरं केलं पोरांनी.

आणि दम? एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत चढाई करायची, दम तुटला की चढाईपटू बाद, हा नियम पुस्तकात अजून आहे. पण ढोल, गाणी आणि निवेदकाची आरडाओरड यांत पंचाला काय कप्पाळ ऐकू येणार? तो घड्याळ बघतो. चढाईपटूचे ओठ हलताना दिसले की त्याचं समाधान होतं.

आमच्या मंडळात तसं नव्हतं. इथलं मातीचं मैदान माझ्या वडिलांनी, आबांनी, उभं केलं. त्यांचा एकच हट्ट होता: दम तुटला की सोडायचं. समोरच्याचा 'कबड्डी' थांबला की तो बाद झाला. आपण हात वर करायचा आणि त्याच क्षणी पकड सोडायची. छातीत हवा नसताना वरून चार जणांचं वजन आलं की बरगड्या मोडतात. पण आबा कारण सांगत बसायचे नाहीत, पाठीत धपाटा घालायचे. मी शाळेत खेळाची शिक्षिका झाले, संध्याकाळी मंडळाची पोरं शिकवू लागले, तेव्हा मीही तेच केलं. विचार करून सोडायचं नाही. कान म्हणाला 'तुटला' की हात सुटलाच पाहिजे. विराज तसाच तयार झाला. आणि त्याच्याबरोबर लहानाचा मोठा झालेला, आमच्याच घरी जेवणारा समर्थ चौगुले, तोही.

नर्मदा संघाकडून ती शेवटची चढाई करायला आला तो समर्थ.

त्यानं आल्या आल्या बोनस रेषा ओलांडून एक गुण घेतला. आमचे सगळे मागे सरकले. आता एकाच गुणाची आघाडी राहिली. समर्थ परत जायला वळल्यासारखा झाला आणि एकदम डाव्या कोपऱ्यावर घसरला. विराज झेपावला. घोट्यावर त्याचे दोन्ही हात घट्ट बसले, आणि हॉलमध्ये बंडाच्या खुर्चीसकट सगळं उभं राहिलं.

मग विराजनं पकड सोडली, आणि हात वर केला.

समर्थ एका उडीत मध्यरेषेवर गेला. विराजला स्पर्श झाला म्हणून एक गुण, बरोबरी. आणि पडद्यावर विराजच्या चेहऱ्यावर लाल दिवा लागला. रोखलेला जोर. आणखी एक गुण नर्मदेला. आम्ही हरलो.

पुन्हा दाखवलं तेव्हा मी समर्थचे खांदे बघत होते. घोटा धरला गेला त्या क्षणी ते वर उचलले गेले होते, पाण्याबाहेर आलेल्या माणसाचे उचलले जातात तसे. त्यानं श्वास घेतला होता.

"दम तुटला होता त्याचा!" मी ओरडले.

"बाई, दम कोन बघतंय आता?" बंडा माझ्याकडे वळला. त्याचे डोळे तांबारले होते. "काट्यानं दावलं की! तुमच्या पोरानं इकला सामना!"

"बंडा, तोंड सांभाळ."

"आमी तोंड सांभाळायचं? आन् तेनं हात सोडायचा? पंच चुकला म्हणलं असतं तर मानलं असतं. काटा काय कुणाचा पाव्हणा हाय व्हय?"

तासाभरापूर्वी याच हॉलमध्ये पंचांना आंधळे, चोर आणि बरंच काही म्हणून झालं होतं. काट्याबद्दल मात्र कुणी ब्र काढला नाही. मी उठून चालू लागले तेव्हा वाट द्यायलाही कुणी सरकेना.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या दारावरच्या फलकावर विराजच्या फोटोला डांबर फासलेलं होतं. बाजारात कोथिंबीर घेताना भाजीवाली म्हणाली, "तुमाला काय कमी हाय आता, गाडी घ्या की." माझ्याकडे शिकणाऱ्या मुली एकेक करून यायच्या थांबल्या. एकीच्या आईनं तर दारात येऊन सांगितलं, "पोरीला तसलं शिकवायचं न्हाई आमाला." तसलं म्हणजे कसलं, ते तिनं सांगितलं नाही. मला राग असा आला होता की मैदानावर पाणी मारताना मी एकाच जागी चिखल करून ठेवायचे.

चौकशी पडद्यावरूनच झाली. विराज पुढच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता आणि मी दाराआड.

"चढाईपटूचा दम तुटल्याचं कोणत्याही पंचाने नोंदवलेलं नाही," समितीचे अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "मग तुम्ही कसं ठरवलंत? पंच तुम्ही होतात का?"

"मला ऐकू आलं, सर. मी त्याच्या पायाशीच होतो."

"ऐकू आलं असं समजू. तरी पकड सोडा, असं कोणत्या नियमात आहे?"

विराज म्हणाला, "आमच्या मंडळात तसं करतात."

पडद्यावरच्या तिघांपैकी एक जण हसला. निकाल तिथंच लागला होता. नंतर फक्त कागद आला. कायमची बंदी, आणि कारण म्हणून एकच ओळ: हेतुपुरस्सर पकड सोडली. ते खोटं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. काटा बरोबर बोलला होता. विराजनं स्वतःला रोखलं होतं. का रोखलं, हे मोजायला त्यात काही नव्हतं.

तो बाहेर आला आणि शर्ट काढून त्यानं भिंतीवर फेकला.

"काय सांगायचं हुतं मी? आई बडवायची म्हणून सोडला, असं सांगू?"

"विराज..."

"तुला ठाऊक हुतं बाहेर असलं चालत न्हाई. मग कशाला शिकवलंस? सगळ्या जगाला धरायला शिकवत्यात, तू सोडायला शिकवलंस!"

त्यानंतर तो माझ्याशी धड बोलला नाही. ताट वाढलं तर जेवायचा, नाहीतर तसाच पडून राहायचा.

आणि अशात समर्थ गावात आला. विजेत्या संघाचा नायक, गावचा मुलगा, मंडळ त्याचा सत्कार करणार होतं. पंचगंगा हरली म्हणून छाती बडवणारी माणसंच फटाक्यांच्या माळा आणत होती. सत्काराच्या आदल्या दिवशी सकाळी तो मैदानावर मला भेटायला आला. वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले.

"बाई, रागावलाय."

"तुझा दम तुटला होता."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मैदानात आम्ही दोघंच होतो.

"तुटला न्हवता," तो म्हणाला. "तोडला."

मला आधी उमगलंच नाही. तो मातीत अंगठा फिरवत बोलत राहिला.

"विऱ्याची घोट्यावरची पकड सुटत न्हाई, बाई. आजवर मला सुटलेली न्हाई. मग डोक्यात आलं, एकाच गोष्टीला सुटती. तेच्या कानाशी दम तोडायचा. पंचाला ऐकू जाणार न्हाई, विऱ्याला जाणार. त्यो सोडणार. आन् सोडला की काटा लाल हुणार. दोन गुण एका श्वासात." त्यानं माझ्याकडे बघितलं. "डाव म्हणून बघा. महिनाभर सराव केला मी तेचा. नियमात बसतंय सगळं."

"तू त्याला चोर ठरवलंस."

"काट्यानं ठरवलं."

माझा हात उचलला गेला. लहानपणी जिथं धपाटे खायचा तिथंच, त्याच पाठीत घालायला. पण तो वाकून उभाच राहिला, मार खायला तयार, आणि माझा हात खाली आला. त्याला मारून मोकळं करायची माझी इच्छा नव्हती.

"उद्या सगळ्यांसमोर सांग हे."

"बोललो तर माजा करार जाईल. आन् विऱ्याची बंदी तरी उठंल का? दोघं बुडण्यापरास एक तरला तर काय वाईट?" तो जायला निघाला आणि थांबला. "तेला सांगा, मला त्यो अजून भावासारखाच हाय."

मी घरी आले आणि विराजला सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. त्याला वाटत होतं की दम चुकून तुटला, पंच बहिरा निघाला, नशीब फुटकं. मित्रानं त्याचा चांगुलपणा हेरून त्यावर डाव रचला होता, हे त्याला कळायलाच हवं होतं. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "उद्या डाव्या कोपऱ्यात मी उभा ऱ्हाणार."

आमच्याकडे सत्काराची एक रीत आहे. हार घालण्याआधी खेळाडूनं घरच्या मातीवर एक चढाई करायची, उघड्या अंगानं, मंडळाच्या सात जणांवर. आणि ती चालू असताना कुणी ओरडायचं नाही. आबांचाच दंडक. पोरानं बाहेर जाऊन नाव काढलं असेल, पण दम अजून आहे का, तो गावानं कानानं ऐकायचा.

विराज मैदानात उतरला तेव्हा गर्दीतून शिट्ट्या आल्या. "इकाऊ माल आला," कुणीतरी म्हणालं. बंडा पुढे झाला. "ह्यो न्हाई खेळायचा. ह्याला बाहेर काढा."

समर्थच मध्ये पडला. "असू दे, बंडाकाका. विऱ्या न्हाई तर कोपऱ्याला कोन?" त्याचा आवाज अगदी खरा होता. त्याला वाटत असावं की हा समेट आहे. घोटा धरला जाईल, दम तुटेल, विराज सोडेल, दोघं उठून मिठी मारतील, आणि दोघांनाच ठाऊक असलेलं दोघांतच मिटेल.

मी कडेला उभी होते. माझ्या मनात वेगळंच होतं. सगळं गाव गप्प असणार, सगळ्यांना दम तुटलेला ऐकू येणार आणि लगेच विराजचा हात सुटलेला दिसणार. पडद्यावर पाहिलेलं तेच, तसंच, पण या वेळी आवाजासकट. मग बंडाला तरी कळेल की माझ्या पोरानं काय केलं होतं.

समर्थनं मातीला हात लावून कपाळाला लावला आणि चढाई सुरू केली. गर्दी गप्प झाली. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." स्वच्छ, एका सुरात. मी शिकवलेला दम. उजवीकडे एक हूल दिली, हातात हात धरलेल्या मधल्या साखळीला हुलकावणी दिली, आणि तो डाव्या कोपऱ्यावर घसरला. पाय त्यानं जरा जास्तच पुढे टाकला. दिलाच म्हणा ना.

विराज झेपावला आणि घोटा धरला.

"कबड्डी कबड्डी क..."

दम तुटला. सगळ्यांनी ऐकला. बंडाच्या भुवया वर गेलेल्या मी पाहिल्या. क्षणभर सगळ्यांच्या नजरा विराजच्या हातांवर होत्या.

हात सुटले नाहीत.

त्यानं पाय छातीशी ओढला. समर्थ पाठीवर आदळला. वरून कव्हरचे खेळाडू आले, साखळीतले आले, उजव्या कोपऱ्यातला आला. विराजच सोडत नाही म्हटल्यावर ते तरी का थांबतील? ढिगाखालून काटकी मोडावी तसा बारीक आवाज आला.

"सोड!" मी ओरडले. "विराज, सोड!"

पण तोवर गावाचा बांध फुटला होता. "धरला! धरला रं!" शिट्ट्या, हलगी, कुणाच्या टोप्या आकाशात. माझा आवाज माझ्याच कानाला ऐकू येईना. पोरं बाजूला झाली तशी बंडानं धावत जाऊन विराजला खांद्यावर घेतलं. "ह्याला म्हणत्यात जोर! कोन म्हणालं रं इकला गेला हुता? कोन म्हणालं?" जणू तो स्वतः कधी काही बोललाच नव्हता. ज्या हातांनी फलकावर डांबर फासलं असेल तेच आज त्याची पाठ थोपटत होते. तो निर्दोष होता हे कुणाला पटलं नव्हतं, ते कुणी विचारलंही नव्हतं. त्यानं सोडलं नाही, एवढं त्यांना पुरलं. पोराचं गेलेलं नाव तेवढ्यात परत आलं.

विराज खांद्यावरून मला शोधत होता. आमची नजरानजर झाली. तो हसत नव्हता. मग गर्दी त्याला घेऊन दाराकडे गेली आणि तो मला दिसेनासा झाला.

मैदानावर समर्थ एकटा पडला होता. हार टेबलावर तसाच होता. मी गुडघ्यावर बसले, त्याला कुशीवर वळवलं, हाताखाली बरगडी हलताना लागली. त्याचं तोंड उघडं होतं आणि आत काही जात नव्हतं. "हळू," मी म्हणाले, "थोडा थोडा घे. घाई करू नको." लहान असताना पडला की सांगायचे तसंच. किती तरी वेळानं शिट्टीसारखा एक श्वास आत गेला. मग दुसरा.

डोळ्यांतून पाणी ओघळून मातीत जात होतं. त्यानं माझं मनगट धरलं.

"बाई," तो म्हणाला, "मला वाटलं विऱ्या सोडंल."

"मलाही," मी म्हणाले.